मोर वाढले म्हणून पक्षी वाढले? त्या फॉरवर्डला उत्तर

सध्या कोल्हापुरातल्या बहुतेक ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडंही आला असणार. थोडक्यात असा: "पक्षी कमी होतायत हा परदेशी पैशावर चालणाऱ्या एनजीओवाल्यांचा कांगावा आहे. शेतात मोर मावेनात, थंडीत रंकाळा तलावावर पक्ष्यांची गर्दी असते, आणि पूर्वी मोजलं कुणी होतं? राहिली चिमणी, ती टॉवरमुळं गेली, टॉवर काढा, विषय संपला." खाली पंधरा अंगठे. म्हणून लिहायला बसलोय, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

परदेशी पैशाचं आधी उरकतो. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल 2020 ला आणि मग 2023 ला आला, त्यातला 2023 चा तेरा संस्थांनी मिळून केलाय आणि त्यात झूलॉजिकल सर्व्हे, वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूट या सरकारीच संस्था आहेत. नोंदी तीस हजारांहून जास्त पक्षीनिरीक्षकांच्या, म्हणजे सकाळी दुर्बीण घेऊन फिरणारे मास्तर, डॉक्टर, कॉलेजची पोरं. यांना कोण पैसे देतंय, उलट पेट्रोल स्वतःचं.

मोर. हे खरंय, शंभर टक्के खरंय. 2000 च्या आधीच्या तुलनेत देशात मोर दीडशे टक्क्यांहून जास्त वाढलेत असं त्याच अहवालात लिहिलंय, म्हणजे ज्यांना खोटं ठरवायचं त्यांच्याच आकड्यावर मेसेज उभा आहे. पण त्याच पानांवर पुढं काय आहे? 338 जातींचा पंचवीसेक वर्षांचा कल काढता आला, त्यातल्या 204 घटल्या, 98 जागच्या जागी, आणि वाढल्या फक्त 36. त्या 36 मध्ये मोर येतो. मोराला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण, त्यात देवाचं वाहन म्हणून कोण सहसा हात लावत नाही, कालव्यानं पाणी पोचलं तिथं हाही पोचला, खायला धान्यापासून सापापर्यंत काहीही चालतं. केरळात पूर्वी बऱ्याच भागात मोर नव्हता, आता सगळ्या जिल्ह्यांत दिसतो. कावळा, कोकीळ, पोपट यांचंही बरं चाललंय. हे सगळे आपल्या अंगणातले, रोज दिसणारे, त्यामुळं आपल्याला वाटतं सगळंच वाढलंय.

जे घटले ते बघायला आपण जातो कुठं? दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तो नीलपंख घटलाय, इतका की त्याचा जागतिक धोक्याचा दर्जा परत तपासा अशी शिफारस झालीय. मोठा राखी खाटीक हा पक्षी ऐंशी टक्क्यांहून जास्त घटला. दोघंही उघड्या माळाचे. आणि माळ म्हणजे आपल्याकडं कागदावर काय, तर पडीक! पाणी आलं की ऊस, नाही आलं तर प्लॉट पाडा, तेही नाही जमलं तर पावसाळ्यात फोटोपुरतं वृक्षारोपण. चंडोल, धाविक, टिटवी जमिनीवर अंडी घालतात, त्यांना गवत आणि मोकळी नजर लागते, तिथं ग्लिरिसिडियाच्या झाडांच्या रांगा उभ्या केल्या की त्यांचं घर गेलंच. झाडं लावणाऱ्यांना हे सांगितलं की राग येतो, माहितीय मला.

आता रंकाळा. थंडीतली गर्दी ही बरीचशी पाहुण्यांची असते. थापट्या, चक्रांग ही बदकं अंडी घालतात ती पार उत्तरेला, मध्य आशिया, सायबेरियाकडं. ती मोजून कोल्हापूरचे पक्षी वाढले म्हणणं म्हणजे चैत्र यात्रेदिवशी जोतिबाच्या डोंगरावर उभं राहून तिथल्या वाडी रत्नागिरी गावाची लोकसंख्या ठरवणं. (आणि देशभराचं बघाल तर हे दोन्ही पाहुणेही घटलेल्यांच्या यादीत आहेत.) इथं कोण वाढतंय ते बघायचं तर विणीच्या हंगामात जा, कळंबा तलावावर टिबुकलीची पिल्लं किती, कमळपक्ष्याला तरंगतं घरटं करायला पानवेली उरल्यात का, ते मोजा.

"पूर्वी मोजलं कुणी होतं" हा मात्र त्या मेसेजमधला एकच दमदार प्रश्न आहे. ब्रिटनमध्ये 1994 पासून ठरवलेल्या त्याच चौरस किलोमीटरात विणीच्या काळात दोनदा जाऊन मोजतात, तसं देशव्यापी काम आपल्याकडं झालेलं नाही. म्हणूनच 942 जाती तपासूनही लांबचा कल फक्त 338 चा सांगितलाय, बाकीच्यांवर गप्प बसलेत. आणि हा कल देशाचा आहे, एकट्या कोल्हापूर जिल्ह्याचा नाही, तेही मान्य. पण "नोंदी करणारे वाढले म्हणून आकडे फिरले" हे चालत नाही, कारण इथं पक्ष्यांची डोकी मोजत नाहीत, निरीक्षक फेरीत दिसलेल्या पक्ष्यांची यादी करतात, अशा शंभर याद्यांपैकी किती याद्यांत तो पक्षी आहे ते बघतात. याद्या शंभराच्या लाख झाल्या तरी टक्का आपोआप हलत नाही.

शिवाय काही पक्षी मोजलेच होते. गिधाडं. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला गाडीतून ज्या रस्त्यांवर मोजली तेच रस्ते पुन्हा पुन्हा केले, आणि 1992 ते 2007 मध्ये पांढऱ्या पाठीची गिधाडं 99.9 टक्के संपली. कारणही अंदाजानं नाही ठरवलं. मेलेल्या गिधाडांची मूत्रपिंडं तपासली, जनावरांना देतात ते वेदनाशामक औषध डायक्लोफेनॅक सापडलं, 2004 ला ते छापून आलं आणि 2006 ला जनावरांसाठी बंदी आली.

टॉवरच्या बाबतीत असं काही झालंय का? बेल्जियममध्ये 2007 साली एक अभ्यास छापला गेला, 150 ठिकाणी बघितलं, जिथं सिग्नल जोरात तिथं चिमणे कमी. पण तो एकाच हंगामाचा, आणि सोबत दिसलं म्हणजे त्यानंच झालं असं होत नाही. ब्रिटनमध्ये चिमणी 1970 च्या दशकाच्या शेवटापासून घटायला लागली, तेव्हा कुठला मोबाईल! भारतात पहिला मोबाईल कॉल 1995 चा. आणि मुळात देशाचा विचार केला तर चिमणी एकंदर टिकून आहे, घट दिसते ती मुंबई-बेंगळुरूसारख्या महानगरांत. लक्ष्मीपुरीत धान्याच्या दुकानांपुढं सकाळी उभं राहून बघा, टॉवर तिथंही आहेतच की. पेठेतली कौलारू घरं पाडून काचेचे फ्लॅट झाले, वळचण गेली, फोटोमागची फट गेली. घरट्यासाठी पेटी टांगली तर निम्मं काम होतं, कारण पिल्लांना पहिले काही दिवस दाणे नाही, अळ्या-किडे लागतात, आणि सोसायटीत तर महिन्याला फवारणी. टॉवर काढला तरी ती फवारणी चालूच राहणार.