दशमान पद्धतीची नुसती नक्षी? डेम्लो संख्येवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, तुमची कॉमेंट नीट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की १२३४५६७८९८७६५४३२१ ही डेम्लो संख्या (नऊ एकांचा, म्हणजे १११११११११ चा वर्ग) दशमान पद्धतीतली नुसती नक्षी आहे, पाया बदलला (दहाऐवजी आठ वगैरेंच्या गटांनी मोजलं) की खलास, यात गणित नाही, आणि नाशिकच्या अभिमानापोटी मी या संख्यांचा अभ्यास करणाऱ्या गणितज्ञ द. रा. कापरेकरांना डोक्यावर घेतोय.

आधी माझी चूक. 'कितीही एक घेऊन वर्ग करा, असंच येतं' असं मी लिहिलं होतं, ते चुकीचंच आहे, लेखात बदललंय. दहा एक घेतले की वर्ग येतो १२३४५६७९००९८७६५४३२१, म्हणजे चढताना सातानंतरचा आठ गायबच. पण तो का गायब होतो तेच बघा ना. शाळेत मांडायचो तसा नऊ एकांचा नऊ एकांशी गुणाकार मांडा, एकाखाली एक नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली, आणि रकान्यांच्या बेरजा येतात १, २, ३ करत ९ पर्यंत आणि मग परत खाली, कुठेच हातचा नाही. दहा एक घेतले की मधल्या रकान्यात दहा होतात, हातचा येतो आणि सगळं विस्कटतं. आता आठच्या पायात सात एकांचा वर्ग करा, तिथेही १२३४५६७६५४३२१ च मिळतं. म्हणजे पाया बदलून हे संपत नाही हो, फक्त हातचा कुठे येणार ते बदलतं!

आणि खरी गंमत तर पुढेच आहे. लुडोचे दोन फासे घ्या. बेरीज २ यायचा एकच मार्ग, ३ चे दोन, ७ चे सहा, मग उतरत १२ चा परत एक. आता सहा एक घ्या, म्हणजे ११११११, त्याचा वर्ग करा: १२३४५६५४३२१. तेच आकडे, त्याच क्रमाने! कारण फाशाची प्रत्येक बाजू एकेकदाच येते, म्हणजे एक फासा म्हणजे सहा एक, आणि दोन फासे म्हणजे त्यांचा गुणाकार. फाशांना दशमान पद्धत माहीत नाही, तरी हा जिना तिथे आहेच. याला मी गणितच म्हणणार.

अवयव पाडले तर आपली संख्या ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग यांचा गुणाकार आहे, विभाजक बरोब्बर ४५, आणि हे कुठल्याही पायात तसंच राहतं. अंकांची बेरीज ८१ (नऊ ओळी, प्रत्येकीत नऊ एक, हातचा नाही) आणि ८१ ने पूर्ण भागही जातो, भागाकार १५२४१५७८९९७१०४१. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला हर्षद हे नाव कापरेकरांनीच दिलेलं. हां, हा गुण मात्र पायावर अवलंबून आहे, तेवढं तुमचं बरोबर.

राहिला अभिमान. तो आहेच. १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिकवता शिकवता या माणसाने हे सगळं शोधलं, आणि डेम्लो हे नावसुद्धा एका रेल्वे स्टेशनवरून ठेवलं, जिथे त्यांना ही कल्पना सुचली. पण अभिमान बाजूला ठेवा, वहीवर तो नऊ ओळींचा गुणाकार एकदा मांडून बघा आणि मग परत कॉमेंट करा, मी वाट बघतोय.