माणसं कोणी आणायची?

रविवारी रात्री दादाने आमच्या घरच्या ग्रुपवर लिहिलं, "ज्याला वाजवायची हौस आहे त्यानेच माणसं गोळा करावीत. कॅफेवाल्याने काय धर्मशाळा उघडलीय?" खाली सात अंगठे. मी ते सोमवारी सकाळी इथे मेलबर्नला, ८६ नंबरच्या ट्राममध्ये उभ्याने वाचलं, आणि कामावर पोहोचले तरी डोकं तापलेलंच होतं. दादाच्याच मुलाबद्दल चाललं होतं ते.

झालं असं. माझा भाचा ड्रम वाजवतो. आधी ढोल पथकात होता, आता चौघांचा बँड आहे. चार-पाच गाणी स्वतःची, मराठी. बाकीची सगळ्यांना ठाऊक असलेली. नाशिकला गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला एक कॅफे आहे. तिथल्या मालकाने त्यांना शनिवारची संध्याकाळ दिली आणि अट घातली: किमान चाळीस माणसं आणायची, नाहीतर साउंडचे पाच हजार तुम्ही भरायचे. मानधनाचं नावही नाही. आली सतरा माणसं. त्यांतली नऊ आमच्याच घरची, वहिनीने फोन करकरून बोलावलेली. जेवणाची टेबलं उठेपर्यंत थांबा म्हणून मुलांना नऊनंतर सुरुवात करायला लावली, आणि दहाला बंद करा म्हणून सांगितलं, कारण रात्री दहानंतर स्पीकर चालत नाही. पाऊण तास वाजवून चार मुलांनी साडेबाराशे-साडेबाराशे काढून पैसे भरले. त्या आठवड्यात कॅफेच्या इन्स्टाग्रामवर पिझ्झाच्या ऑफरचे तीन फोटो पडले होते. बँडचा एकही नाही. हे मी स्वतः तपासलं.

आणि ग्रुपवर चर्चा कशाची? तर मुलांनी 'मार्केटिंग' केलं नाही याची. काकांनी लिहिलं, स्टेटस ठेवायला काय जातं. एका चुलतभावाने लिहिलं, आधी फॉलोअर वाढवा, मग स्टेज मागा. त्या सतरा जणांना गाणी कशी वाटली, हे कोणीच लिहिलं नाही.

हा प्रश्न आपल्याकडे आजचा नाही. तमाशावाल्यांनी तो कधीच सोडवून ठेवलाय. गुढीपाडव्याच्या सुमाराला नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या जत्रा कमिट्यांची माणसं तिथे येतात, तारीख बघतात, सुपारी ठरवतात, इसार देतात. मग त्या रात्री गावात किती माणूस जमला, याच्याशी फडाला देणंघेणं नसतं. जत्रा गावाची, पाहुणे गावाचे. फडाने यायचं आणि वाजवायचं. दुसरा प्रकार तंबूचा. तिथे फड स्वतःचा तंबू ठोकतो, गाडीला भोंगा बांधून पंचक्रोशीत फिरवतो, तिकीट फाडतो. गल्ला त्याचा आणि पाऊस आला तर नुकसानही त्याचंच. सुपारी किंवा तंबू, दोन्ही चोख व्यवहार आहेत. नाशिकच्या कालिदास नाट्यगृहाला नाटक लागतं ते तंबूच्याच हिशोबाने: निर्माता नाट्यगृहाचं भाडं भरतो, पेपरात जाहिरात देतो आणि तिकिटाचे पैसे मोजून घेतो. माझ्या भाच्याशी जो व्यवहार झाला तो या दोन्हींत बसत नाही. कॉफीचा, पिझ्झाचा सगळा गल्ला मालकाचा, आणि भोंगा घेऊन फिरायचं मुलांनी. माणूस कमी आला तर भुर्दंडही मुलांनाच. दादा बत्तीस वर्षं दुकान चालवतो आहे. त्याच्याशी कोणी असा सौदा केला असता तर त्याने उभंही केलं नसतं.

दादाने सुला फेस्टचं उदाहरण दिलं. म्हणाला, नाशिकला लोक येत नाहीत असं नाही, चांगलं असेल तर मुंबई-पुण्याहून येतात. अगदी बरोबर. २००८ साली तो महोत्सव सुरू झाला, गंगापूर धरणाच्या बाजूला द्राक्षाच्या मळ्यात. पण तिथे लोकांना बोलावलं कोणी? वायनरीने. जागा त्यांची, वाइन त्यांची, म्हणून आमंत्रणही त्यांचं. तिथे गिटार वाजवायला आलेल्या माणसाला कोणी विचारलं नसेल की तुझ्या घरचे किती येणार. दादाचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे, पण हे ग्रुपवर लिहिलं की "तिकडे जाऊन शहाणी झालीस" हे ऐकावं लागतं. ते मी सोळा वर्षं ऐकते आहे.

मग तिकडचंच सांगते. माझ्या घरापासून ट्रामने वीस मिनिटांवर नॉर्थकोट सोशल क्लब आहे. पुढे पब, मागे बँड रूम. पुढच्या दीड-दोन महिन्यांत कोण कोण वाजवणार ते सगळं जागेच्या नावाने लागलेलं असतं. मी बँडचं नाव न ओळखता गेले आहे, कितीदा तरी. जागा ओळखीची आहे, त्यांची निवड मला पटते, बस. सकाळी रेडिओवर ट्रिपल आर हे स्टेशन लावलं की आज कुठे काय आहे ते कानावर पडतं. बँडही आपापल्या परीने सांगतो, नाही असं नाही, पण सांगण्याचा भार त्याच्या एकट्याच्या डोक्यावर नसतो. कारण बँड आज आहे, सहा महिन्यांनी मोडेल. बेसवाला पर्थला जाईल, नाहीतर कोणाला मूल होईल. जागा तिथेच राहणार. दर शुक्रवारी इथे काहीतरी ऐकण्यासारखं असतं, ही सवय लोकांना जागाच लावू शकते. एकोणीस वर्षांच्या ड्रमरने ती कशी लावायची?

मी इथे आले त्याला वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. जानेवारी २०१० मध्ये इथल्या कॉलिंगवूड भागातला 'द टोट' हा बँड वाजणारा पब बंद झाला. जिथे बँड वाजतो ती जागा धोक्याची, तिथे जास्त सुरक्षारक्षक हवेत, अशा परवान्याच्या अटी होत्या, आणि त्या लहान पबला पेलवत नव्हत्या. २३ फेब्रुवारीला हजारो लोक पार्लमेंटवर चालत गेले. मी ऑफिसातून खाली उतरून बघत उभी राहिले. पगडी नाही, झेंडा नाही, गिटारं घेतलेली माणसं, कडेवर पोरं. एका गुत्त्यासाठी एवढी माणसं रस्त्यावर आली हे मला तेव्हा कळलंच नव्हतं. त्याच वर्षी टोट पुन्हा उघडला. २०१४ साली राज्याने नियम केला की जुन्या गाण्याच्या जागेशेजारी कोणी नवी इमारत बांधली तर आवाज अडवायचा खर्च बांधणाऱ्याने करायचा. आणि २०२३ मध्ये टोट विकायला निघाला तेव्हा लोकांनी ३० लाख डॉलर जमवून दिले. हे प्रेम एका जागेवरचं आहे. कुठल्याही एका बँडसाठी लोक एवढं करत नाहीत.

इथेही दारावर जमेल तेवढंच बँडला देणारे पब आहेत, खोलीचं भाडं आधी मागणारेही आहेत. भाच्याने मला ते सांगितलं, त्याने वाचलं होतं. असतील. पण कॉफीही माझी आणि दंडही तुझा, असं मला इथे कोणी सांगितलेलं नाही.

दादाने मग हुकमाचं पान टाकलं. म्हणाला, विष्णू दिगंबर पलुस्करांना कोणत्या कॅफेने माणसं आणून दिली होती? नाशिकमध्ये हे नाव घेतलं की पुढे बोलायचं धाडस होत नाही. त्यांनी १९०१ साली लाहोरला गाणं शिकवणारं गांधर्व महाविद्यालय काढलं ते संस्थानिकाच्या जिवावर नाही. वर्गणी मागून आणि जाहीर मैफिली करून. शेवटची वर्षं ते नाशिकला होते, त्यांचा रामनाम आश्रम तिथलाच. दादा आणि मी लहानपणी त्यांच्या मुलाच्या, दत्तात्रेयबुवांच्या, रेकॉर्डी ऐकत वाढलो, बाबांना त्यांच्याखेरीज दुसरं भजन चालायचं नाही. पण दादा, विष्णुबुवांनी लोकांना बोलावलं ते स्वतःच्या विद्यालयासाठी! आलेला पैसा मुलांना शिकवण्यात गेला, फराळवाल्याच्या गल्ल्यात नाही. तो तंबूचाच हिशोब होता. भाच्याला तू तंबू घेऊन दे, पोर भोंगा घेऊन नाशिकरोडपर्यंत फिरेल.

हे मी लिहिलं, आणि मग दादाने जे लिहिलं त्यावर मला उत्तर सुचलं नाही. "तिकडे लोक तिकीट काढतात. आपल्याकडे पास मिळाला तर जातात. तू कधी काढलं होतंस?"

नव्हतं काढलं. बाबा बँकेत होते, बँकेला कालिदासचे पास यायचे. वयाच्या पंचविशीपर्यंत नाशिकमध्ये मी गाण्याच्या एकाही कार्यक्रमाला स्वतःचे पैसे दिले नाहीत. गोदाघाटावर फुकट, पिंपळपारावर फुकट, सभागृहात पास. इथे येऊन पहिल्या महिन्यात बावीस डॉलरचं तिकीट काढलं, कारण दुसरा मार्गच नव्हता आणि शनिवारी संध्याकाळी माझ्याशी बोलणारं कोणी नव्हतं. ती माझी रसिकता मी ग्रुपवर मिरवत होते.

पिंपळपाराचं राहवत नाही म्हणून सांगते. नाशिकच्या नेहरू चौकात त्या पारावर दिवाळीची पाडवा पहाट असते, पहाटेचं गाणं. आम्हाला त्याची जाहिरात कधी बघावी लागली नाही. आई चारला उठवायची, बाबा पुढे, आम्ही दोघं शाली घेऊन मागे. कोण गाणार आहे हे कधी कधी तिथे पोहोचल्यावर कळायचं. पाराखाली बसलं की शेजारच्या बाई सरकून जागा द्यायच्या आणि "यंदा उशीर केलात" म्हणायच्या. जागेने माणसं आणायची म्हणजे काय, ते मी मेलबर्नला नाही, तिथे शिकले. म्हणूनच मी एवढी चिडते.

मागच्या दिवाळीला नऊ वर्षांनी नाशिकला होते. पाडव्याला एकटीच गेले. आई आता नाही, दादाचे गुडघे दुखतात. गर्दी तशीच होती, बहुधा जास्तच. मी मागे एका दुकानाच्या ओट्याशी उभी राहिले. गाणं उत्तम झालं. दीड तासात मला कोणी ओळखलं नाही, मीही कोणाला ओळखलं नाही. पुढची एक मुलगी मागे वळून अगदी आदराने म्हणाली, "मॅडम, तुम्हाला बसायचंय का?" मला मॅडम म्हणाली. नॉर्थकोटच्या दारावरचा पोरगा मला नावाने हाक मारतो.

आणि अजून एक, जे मी ग्रुपवर लिहिलेलं नाही. भाच्याने शनिवारच्या कार्यक्रमाचं पोस्टर मला आठ दिवस आधी पाठवलं होतं. "आत्या, नाशिकमध्ये कोणाला सांगता आलं तर सांग." माझ्या फोनमध्ये नाशिकची शंभरेक माणसं आहेत, शाळेचा ग्रुप, कॉलेजचा, जुन्या गल्लीचा. मी एकालाही पाठवलं नाही. वेळ नव्हता असं नाही. दोनदा पोस्टर निवडलं, नावांवर बोट फिरवलं आणि सोडून दिलं. नऊ वर्षं ज्यांच्या लग्नाकार्याला, मयताला मी गेले नाही, त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं की शनिवारी अमुक ठिकाणी जा? जागेने माणसं आणावीत हे माझं म्हणणं खरंच आहे, त्यात मी एक अक्षर मागे घेणार नाही. पण चाळिसातली चार-पाच तरी माझ्या फोनमध्ये होती.

परवा धीर करून शाळेतल्या दोघींना लिहिलं. मुलांना पुढच्या महिन्यात इंदिरानगरला एका हॉलवर कार्यक्रम करायचा आहे. हॉलचं भाडं त्यांचं, शंभर रुपये तिकीट, गल्लाही त्यांचाच. दोघींपैकी एकीने अजून वाचलेलं नाही. दुसरीचं लगेच उत्तर आलं.

"अगं नक्की. तू येतेयस ना?"

दोन दिवस झाले. मी तिकिटांचे दर बघून ठेवलेत, सिंगापूरवरून मुंबई, पुढे गाडी. तिला अजून काही लिहिलेलं नाही.