समोर डिस्क लावल्या की ब्रेकचं अंतर निम्मं होतं?

नागपुरात जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांमध्ये सध्या एक संदेश फिरतो आहे. पद्मिनी असो, अ‍ॅम्बेसेडर असो की जुनी मारुती ८००, समोर जुन्या ड्रम ब्रेकऐवजी नव्या गाडीच्या डिस्क आणि कडक स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेला खांब) बसवा. गाडी निम्म्या अंतरात थांबते, मास्टर सिलिंडर (पेडलचा जोर ब्रेक ऑइलमध्ये पोचवणारा पंप) जुनाच चालतो, मागे हात लावावा लागत नाही, आणि उन्हाळ्यात ब्रेक ‘फेल’ होणं बंद होतं. काम एका दिवसाचं, असंही त्यात आहे. प्रश्न ब्रेकचा आहे, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो आहोत.

स्ट्रटपासून सुरुवात करू. पद्मिनीला स्ट्रट नाहीतच. तिला समोर विशबोन (चाक धरणारे वर-खालचे हात), कॉइल स्प्रिंग आणि वेगळे शॉकअ‍ॅब्सॉर्बर आहेत. अ‍ॅम्बेसेडरला टॉर्शन बार, म्हणजे पिळली जाऊन स्प्रिंगचं काम करणारी सळई. या तिघींत मॅकफर्सन स्ट्रट फक्त ८०० ला. तिन्ही गाड्यांना एकच सल्ला देणाऱ्याने त्यांच्याखाली वाकून पाहिलेलं दिसत नाही.

‘अंतर निम्मं होतं.’ गाडी शेवटी थांबवतो तो टायर. कोरड्या रस्त्यावर घर्षणांक (टायरच्या पकडीचं माप) ०.७ धरला, तर ताशी ६० किमीवरून थांबायला सुमारे २० मीटर लागतात आणि ८० वरून ३६. चालकाला ब्रेक दाबायला लागणारा वेळ यात धरलेला नाही. ड्रम नीट असतील, तर पेडल जोरात दाबल्यावर चाकं लॉक होतात. म्हणजे टायरची पकड तिथेच संपते, मग डिस्क कितीही मोठी लावा, अंतर घटत नाही. डिस्कचा खरा फायदा वेगळा आहे: ती उष्णता लवकर सोडते, पाण्यातून गेल्यावर लवकर सुकते आणि डाव्या-उजव्या बाजूला सारखी धरते. पचमढी किंवा चिखलदऱ्याचा घाट उतरताना हा फायदा मोलाचा आहे. सीताबर्डीच्या गर्दीत तो जाणवणारही नाही. दहा वर्षांचे कडक झालेले टायर बदलले, तर फरक पहिल्याच दिवशी कळेल.

‘मास्टर सिलिंडर जुनाच चालतो.’ संदेशातलं सगळ्यात घातक वाक्य हेच. ड्रमसाठीच्या बऱ्याच मास्टर सिलिंडरांत एक छोटा व्हॉल्व असतो, जो पेडल सोडल्यावरही लाइनमध्ये सुमारे १० पीएसआय (टायरची हवा मोजतात तेच एकक) दाब धरून ठेवतो. ड्रममधल्या स्प्रिंगा शू (ड्रमला आतून घासणारे ब्रेक) मागे ओढतात, त्यामुळे तिथे तो दाब सोसतो. डिस्कच्या कॅलिपरमध्ये (दोन्हीकडून पॅड दाबणारा चिमटा) अशी स्प्रिंग नसते. पॅड डिस्कला चिकटून राहतात, दहा-पंधरा किलोमीटरमध्ये चाक तापतं, ऑइल उकळतं आणि पेडल तळाला जातं. मग दोष डिस्कला दिला जातो. समोरच्या लाइनमधला तो व्हॉल्व काढावाच लागतो, किंवा डिस्क-ड्रम जोडीसाठी बनलेला मास्टर सिलिंडर घ्यावा लागतो.

बोअरचाही, म्हणजे मास्टर सिलिंडरच्या आतल्या व्यासाचाही हिशेब आहे. कॅलिपरचा पिस्टन ड्रममधल्या व्हील सिलिंडरपेक्षा बराच मोठा, त्याला ऑइल जास्त लागतं. जुन्या बोअरवर पेडल लांब जातं. म्हणून १९ मिमीऐवजी २२ मिमी बोअर घेतला, तर क्षेत्रफळ सुमारे ३४ टक्के वाढतं आणि तेवढ्याच दाबासाठी पायाचा जोरही तितकाच जास्त लागतो. शिवाय ड्रमचा पुढचा शू चाकाच्या फिरण्यानेच आत ओढला जातो, डिस्कला ती मदत मिळत नाही. बूस्टर (पायाच्या जोराला मदत करणारा भाग) नसलेल्या गाडीत डिस्क लावून पेडल दगडासारखं झालं, तर ते यामुळे.

‘मागे हात लावायची गरज नाही.’ समोरची ताकद वाढली की पुढची चाकं लवकर लॉक होतात आणि स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळ जाते. मागचे शू झिजलेले, व्हील सिलिंडर गळका आणि समोर नवी डिस्क, ही जोडी तर नकोच. आधी मागचे ड्रम उघडा, सिलिंडरचे रबर बदला, शू अ‍ॅडजस्ट करा. समोरची चाकं मागच्यांपेक्षा किंचित आधी लॉक व्हावीत. मागची आधी झाली, तर गाडी गरगर फिरते.

पट्टी कापून वेल्डिंग केलेल्या कॅलिपर ब्रॅकेटबद्दल संदेशात काहीच नाही, म्हणून आकडा देतो. ९०० किलोची गाडी ०.७ जीने (गुरुत्वत्वरणाच्या ०.७ पट) थांबताना समोरच्या चाकांवर ७० टक्के भार धरला, तर एका चाकावर सुमारे २,१६० न्यूटन ब्रेक बसतो. चाकाची त्रिज्या २८ सेंमी आणि पॅडचं केंद्रापासूनचं अंतर ९ सेंमी असेल, तर त्या एका ब्रॅकेटवर सुमारे पावणेसातशे किलोची ओढ येते, प्रत्येक जोराच्या ब्रेकला. तिथे गेटचं वेल्डिंग चालत नाही. पूर्ण नकल (चाक धरणारा, स्टिअरिंगबरोबर वळणारा भाग), हब, डिस्क आणि कॅलिपर एकाच मॉडेलचे मिळत असतील तरच हात घाला.

‘कडक स्ट्रटने गाडी लवकर थांबते.’ ब्रेक लावताना पुढे किती वजन येणार, हे गुरुत्वमध्याची उंची, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) आणि मंदन (वेग किती झपाट्याने घटतो ते) ठरवतात. स्ट्रट फक्त ते किती झपकन येईल ते ठरवतो. आपल्या सिमेंट रस्त्यांच्या सांध्यांवर अति कडक स्ट्रटमुळे चाक उडतं आणि उडालेलं चाक ब्रेक घेत नाही. मेलेला स्ट्रटही तेच करतो. तेव्हा कंपनीच्या मापाचेच, डावा-उजवा जोडीने बदला. सोबत वरचं माउंटिंग, बेअरिंग आणि बंप स्टॉपही नवे घाला. स्प्रिंग कंप्रेसरने दाबल्याशिवाय मधला नट सोडू नका, जीव जाऊ शकतो. स्प्रिंग कापू तर नकाच. बसवल्यावर अलाइनमेंट लागतंच.

‘उन्हाने ब्रेक फेल होतात.’ मे महिन्यातले ४५ अंश म्हणजे हिवाळ्याच्या दुपारपेक्षा पंधरा-वीस अंश जास्त. जोराच्या ब्रेकिंगमध्ये डिस्क दोनशे अंशांपलीकडे जाते. खरा दोषी म्हणजे पाणी शोषलेलं जुनं ऑइल. डॉट ३ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) नवं असताना किमान २०५ अंशांना उकळतं, पाणी शिरल्यावर ती मर्यादा १४० वर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. दर दोन वर्षांनी बदला, एक लिटर पुरतं. सिलिकॉनचं डॉट ५ यात कधीही मिसळू नका.

ब्रेक लाइनमधली हवा काढताना कॅलिपरवरचा निपल (हवा सोडायचा स्क्रू) वरच्या बाजूला आहे ना ते बघा. डावा कॅलिपर उजवीकडे लागला तर निपल खाली येतो आणि कितीही पंप मारा, पेडल स्पंजसारखंच राहतं. होज नवे घाला, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून आणि चाक लटकत ठेवून ते कुठे घासत नाहीत याची खात्री करा. नंतर नवे पॅड बसावेत म्हणून मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० किमीवरून १५ पर्यंत आठ-दहा वेळा ब्रेक लावा, मध्ये थंड होऊ द्या. घरी आल्यावर जॅकवर उचलून चाक हाताने फिरवून बघा. पेडल सोडल्यावरही ते जड फिरत असेल, तर दाब धरून ठेवणारा तो व्हॉल्व अजून आतच असण्याची शक्यता आहे.