सुटकेनंतरचा खर्च

हाल झालेल्या कुत्र्यांची सुटका करणाऱ्या संस्थांवरचा लेख वाचला. सुटकेचे फोटो पाहून देणग्या येतात, हे त्यात छान मांडलंय. पण खरा खर्च पुढे सुरू होतो, त्यावर दोनच ओळी आहेत. उपासमार झालेल्या कुत्र्याला एकदम पोटभर खाऊ घातलं तर रक्तातलं फॉस्फरस झपाट्याने घटून जीवही जाऊ शकतो. म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीत, थोडं थोडं, दिवसातून अनेकदा भरवावं लागतं. हृदयातल्या जंतांचे उपचार तर कित्येक महिने चालतात आणि तेवढा काळ कुत्र्याला पळू द्यायचं नसतं. नुसता हात उचलला तरी अंग चोरणाऱ्या जिवाची भीती कधी जाईल, हे तर कुणीच सांगू शकत नाही! म्हणून कळकळीने सांगते, एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा दरमहा थोडी द्या. संस्थेला पुढच्या महिन्याची औषधं आधीच ठरवता येतात.