पॅरासिटामॉल "97 टक्केच" : तो मेसेज कृपया थांबवा

नाशिकच्या सोसायटी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : "500 मिलीग्रॅमच्या गोळीत औषध 485च निघालं. पाण्यात टाकली तर पांढरा गाळ उरतो. म्हणजे खडूची भेसळ!" मी सातपूरला औषध तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते, हे मोजमाप माझं रोजचंच. म्हणून हा खुलासा.

485 म्हणजे 97 टक्के. भारतीय औषधकोशात (औषधांच्या दर्जाचे अधिकृत निकष देणाऱ्या ग्रंथात) या गोळीसाठी 95 ते 105 टक्के, म्हणजे 475 ते 525 मिलीग्रॅम चालतात. गोळी पास आहे.

मोजतात कसं? 20 गोळ्यांची पूड, त्यातली वजन करून घेतलेली पूड सौम्य कॉस्टिक सोड्यात, मग गाळून भरपूर पातळ करायची. डोळ्यांना ते नुसतं पाणीच! स्पेक्ट्रोफोटोमीटर मात्र त्यातून 257 नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश सोडतो आणि किती शोषला गेला ते सांगतो. जितकं औषध जास्त, तितकं शोषण जास्त. गाळ उरतो तो मुख्यतः स्टार्चसारख्या, गोळी बांधणाऱ्या पदार्थांचा. तो गाळण्यातच राहतो, मोजणीत येत नाही.

अर्थात हा एक आकडा म्हणजे सगळं नव्हे. त्याच तरंगलांबीला दुसरा पदार्थही प्रकाश शोषू शकतो, म्हणून ओळख आणि अशुद्धी वेगळ्या तपासतात.

शंका असेल तर पाकीट आणि बिल जपून ठेवा, अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. तो मेसेज पुढे पाठवू नका; पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका.