बिनव्याजी कर्ज बरं, पण एप्रिलचा दणका नको
अमेरिकेतल्या करावरच्या एका लेखात म्हटलंय, की रिफंड (पगारातून जादा कापलेला कर परत मिळणं) म्हणजे सरकारला दिलेलं बिनव्याजी कर्ज. हे हिशेबाला बरोबर आहे. पण आमचं उलटं झालं. इथे न्यू जर्सीत हिलाही नोकरी लागली, आणि दोघांच्याही डब्ल्यू-४ वर (पगारातून किती कर कापायचा हे कंपनीला सांगणारा फॉर्म) दुसऱ्या पायरीतली ती दोन नोकऱ्यांची चौकट कोरीच राहिली. त्यामुळे घरात एकच पगार असल्यासारखा दोन्हीकडे कर कमी कापला गेला. एप्रिलमध्ये ३,४०० डॉलर भरताना तोंडचं पाणी पळालं, वर दंड! गेल्या वर्षीच्या कराइतकी कपात झाली असती (उत्पन्न दीड लाख डॉलरच्या वर असेल तर ११० टक्के), तर निदान दंड टळला असता. आता त्याच फॉर्मच्या चौथ्या पायरीत दर पंधरवड्याच्या पगारातून १५० डॉलर जादा कापायला सांगितलेत. चार-पाचशे डॉलर परत येतील. व्याज बुडालं तर बुडू दे, किती बुडणार?