प्लासिबो म्हणजे मुलांना वाऱ्यावर सोडणं नव्हे

बालसंधिवाताच्या औषधचाचण्यांवरच्या लेखातलं 'चाचणीत निम्म्या मुलांना नुसतंच पाणी टोचतात' हे वाक्य वाचून आईबाप हबकतील. हे 'पाणी' म्हणजे प्लासिबो: दिसायला औषधासारखं, पण आत औषध नसलेलं. बालसंधिवातावरच्या बऱ्याच बायोलॉजिक (जिवंत पेशींपासून बनवलेल्या) औषधांच्या चाचण्या अशा होतच नाहीत. एटानरसेप्टचंच घ्या. २००० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४ ते १७ वयाची ६९ मुलं होती आणि पहिले तीन महिने सगळ्यांना खरंच औषध दिलं गेलं. ज्यांना गुण आला त्या ५१ जणांचेच पुढे दोन गट पाडले: एकाला औषध, दुसऱ्याला प्लासिबो. प्लासिबो गटात ८१ टक्के मुलांचा आजार पुन्हा उसळला, औषधाच्या गटात २८ टक्के. उसळलेल्या मुलांना परत औषध सुरू करता येत होतं.

खोट काढायचीच तर दुसरीकडे आहे. गुण आलेलीच मुलं पुढे नेली की निकाल जरा जास्तच देखणा दिसतो. शिवाय एवढ्याशा संख्येत विरळा दुष्परिणाम सापडणार कुठून? त्यासाठी वर्षानुवर्षं नोंदी ठेवाव्या लागतात. एटानरसेप्टसारख्या औषधांआधी क्षयाची तपासणी का करतात, हे लेखात यायला हवं होतं. दबलेला क्षय डोकं वर काढू शकतो!

बालसंधिवातामुळे आमच्या लेकीला सकाळी टूथपेस्टचं झाकणही फिरवता येत नसे, आता वेणी स्वतः घालते. (इंजेक्शन फ्रिजमधून काढून लगेच टोचू नका, फार चुरचुरतं.) चाचणीच्या संमतीपत्रावर सही करण्याआधी एक मात्र विचारा: चाचणी संपल्यावर औषध कोण देणार?